आमची वाटचाल : आम्ही खोटं विमान बनवतो

लोक विचारतात तुमची कंपनी नक्की बनवते काय, तर सरळ उत्तर म्हणजे खोटं विमान. लढाऊ विमानात मिशन कॉम्प्युटर, डिस्प्ले प्रोसेसर असे बरेच बंद डबे असतात, आमच्या लाइनमधे त्यांना एलआरयू म्हणतात. विमानात बसवायच्या आधी तो डबा टेबलावर ठेवून त्याला असं भासवायचं की बाबा तू हवेत आहेस, रडार चालू आहे, इंधन एवढं उरलंय, आणि मग तो काय करतो ते बघायचं. त्यासाठी लागणारी टेस्ट रिग आम्ही भोसरीत बनवतो.

डिफेन्समधे जायचंच असं काही ठरवलं नव्हतं. मी आणि पार्टनर गाड्यांच्या ईसीयूचे (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) टेस्ट जिग, म्हणजे तपासायची उपकरणं, करायचो, कॅन बस, म्हणजे या कॉम्प्युटरांनी आपसात बोलायची तार आणि तिचे नियम, पाठ झालेली, एका ओळखीच्यांनी विचारलं १५५३, म्हणजे लढाऊ विमानातल्या डब्यांची अशीच बस, जमेल का, आम्ही बिनधास्त हो म्हणालो आणि घरी येऊन वाचायला बसलो :) मिल-स्टँडर्ड १५५३बी हे १९७८ सालचं, स्पीड फक्त १ मेगाबिट, नवीन पोरांना हसूच येतं. पण शिस्त बघा, कॅनवर जो तो बोलायला बघतो आणि ज्याची प्रायॉरिटी जास्त त्याचं चालतं, इथे बस कंट्रोलरने, म्हणजे बस चालवणाऱ्या मुख्य डब्याने, विचारल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही आणि विचारलं की १२ मायक्रोसेकंदांच्या आत उत्तर सुरू. शिवाय केबल दोन, एक तुटली तर दुसरी आहेच.

पहिली रिग सगळे मेसेज अगदी बरोबर पाठवायची. डेमो बघून समोरचे साहेब म्हणाले, छान आहे, आता चुकीचे पाठवून दाखवा. पॅरिटी (चूक पकडायला जोडलेला जादा बिट) बिघडवा, मेसेजमधला एक वर्ड खा, उत्तर उशिरा द्या. आमचा खरा धंदा तिथून सुरू झाला असं मी मानतो, कारण बरोबर डेटा पाठवणारं कार्ड बाजारात कोणालाही मिळतं, पद्धतशीर त्रास देणारी रिग मात्र डोकं लावून बनवावी लागते. पॉवरचंही तसंच, विमानात २८ व्होल्ट डीसी असतं आणि सप्लाय एका सोर्सवरून दुसऱ्यावर जाताना ५० मिलिसेकंदांपर्यंत गायब होऊ शकतो, तेवढ्यात डब्याने काय करायचं हे स्पेकमधे लिहिलेलं असतं आणि आम्ही तो सप्लाय मुद्दाम घालवतो.

एक किस्सा सांगतोच. एक डबा रूम टेम्परेचरला झकास चालायचा, उणे ४० ला थर्मल चेंबरमधे (थंड-गरम करून तपासायची पेटी) मधेच कधीतरी बसवर गप्प बसायचा. रात्रभर थंडीत ऑन-ऑफ करत ठेवला तेव्हा कुठे पॅटर्न दिसला. बसवरच्या प्रत्येक टर्मिनलचा, म्हणजे डब्याचा, पत्ता कनेक्टरच्या ५ पिनांवर ठरतो, सहावी पिन पॅरिटीची, थंडीत एक व्होल्टेज उशिरा चढत होतं आणि डबा त्याआधीच पत्ता वाचून मोकळा, पॅरिटी जुळेना म्हणून तो गप्प. गप्प बसला हे बरंच झालं म्हणा, दुसऱ्याच्या पत्त्यावर बोलला असता तर केवढा गोंधळ!

नवीन इंजिनियर आला की त्याला एफ-२२ या अमेरिकन लढाऊ विमानाची गोष्ट सांगतो. फेब्रुवारी २००७, हवाईहून ओकिनावाला निघालेली विमानं १८० रेखांश ओलांडताना त्यांच्या कॉम्प्युटरांनी मान टाकली आणि हवेत इंधन भरणाऱ्या टँकर विमानाच्या मागे मागे परत यावं लागलं. आमच्या टेस्ट लिस्टमधे १७९.९९९ पूर्वपासून पलीकडे पश्चिमेत जाणं, विषुववृत्त ओलांडणं हे कायम असतं, भले ते विमान राजस्थानच्या बाहेर जाणार नसो.

बाकी निम्मं काम कागदाचं. कुठली रिक्वायरमेंट, तिची कुठली टेस्ट, रिझल्ट काय, सॉफ्टवेअरचं व्हर्जन कुठलं, सगळी साखळी जुळली पाहिजे. आपल्याकडे मिलिटरी विमानांची एअरवर्दीनेस, म्हणजे उडायला योग्य आहे की नाही, ते सेमिलॅक ही सरकारी संस्था बघते, क्वालिटी डीजीएक्यूए ही दुसरी, त्यांचा माणूस टेस्टला उभा असताना "काल पास झालं होतं साहेब" चालत नाही. पोरं कंटाळतात, पण मला विचाराल तर पुढची ऑर्डर फाइल बघूनच मिळते.

पैशाचं म्हणाल तर ऑर्डर मोठी आणि पेमेंट सावकाश, त्यामुळे गाड्यांचे जिग आम्ही अजून सोडले नाहीत, पगार त्यावरच निघतात. सध्या स्वतःचं थर्मल चेंबर घ्यायचं चाललंय, भाड्याच्या चेंबरची तारीख मिळवण्यात फार वेळ जातो, कोटेशन आलंय आणि विजेचा लोड वाढवायचा अर्जही देऊन ठेवलाय.