परत करायला रकाना नाही

खासगी ख्रिस्ती शाळेत फीच्या मदतीचं काम बघणाऱ्या माणसाला, म्हणजे मला, संशय घेण्याचाच पगार मिळतो असं कधी कधी वाटतं. पालकांचं आयकर विवरणपत्र, पगाराचे कागद, घरात शिकणारी मुलं किती, आजारपणाचा खर्च किती, हे सगळं मांडून त्यांना किती फी झेपेल याचा आकडा काढायचा. पूर्ण फीतून तो वजा केला की उरते ती गरज. धंदेवाल्यांच्या फायलीत मी सगळ्यात आधी घसारा शोधते, म्हणजे वस्तू जुनी होते म्हणून हिशोबात दाखवलेला, पण खिशातून न गेलेला खर्च. कागदावर तोटा दिसतो, पण यंत्राचा नाहीतर गाडीचा घसारा मिळकतीत परत मिळवला की चित्र पालटतं. समितीकडे फाइल जाते ती नाव झाकून, नुसत्या क्रमांकावर.

त्या सकाळी एक वडील ‘मदतीबद्दल बोलायचंय’ म्हणून आले, तेव्हा मी न विचारताच फेरविचाराचा अर्ज पुढे सरकवला. त्यांनी तो तसाच माझ्याकडे परत सरकवला.

“वाढवायची नाहीये मॅडम. परत करायचीय.”

झालं होतं असं की, आम्ही बघतो ते कागद गेल्या वर्षाचे. गेल्या वर्षी ते सात महिने घरी बसून होते. आता बरी नोकरी लागली होती आणि शाळेचं वर्ष अजून अर्धं बाकी होतं. आमच्या अर्जात वाढीव मदत मागायला जागा आहे, उशीर झाल्याचं कारण लिहायला आहे, आई-वडील वेगळे राहत असतील तर दोघांची मिळकत लिहायला आहे. परत करायला रकाना नाही. तो कधी लागलाच नव्हता.

मी लेखापालांकडे गेले. ते म्हणाले, “परत काय करणार? आपण त्यांना पैसे दिलेत कुठे?” खरंच होतं. बाहेरच्यांना वाटतं, कुठेतरी एक पेटी आहे आणि आम्ही त्यातून नोटा काढून देतो. देणगीदारांचा निधी असतो, पण तो पुरत नाही. आमच्याकडची बरीचशी मदत म्हणजे शाळेने न घेतलेली फी.

“मग चॅपलच्या पेटीत टाकतो,” वडील म्हणाले. हे ऐकून आमचे चॅप्लेन, म्हणजे शाळेचे पाळक, खुलले. जर्मनीतल्या हाले इथे फ्रांके या पाळकांनी १६९५ मध्ये गरीब मुलांची शाळा काढली ती अशाच पेटीत सापडलेल्या ४ थालर १६ ग्रोशनवर (तिथली तेव्हाची नाणी), ही त्यांची आवडती गोष्ट. (दर वार्षिक सभेत ऐकतो.) लेखापालांनी मात्र हात वर केला. पेटीत टाकलं तर ती देणगी, देणगीची पावती द्यावी लागणार, आणि ज्याच्या बदल्यात स्वतःच्याच मुलाचं शिक्षण होतंय त्याला देणगी कसं म्हणायचं? मला त्यांचं पटलं. शेवटी ठरलं ते साधं होतं: दुसऱ्या सत्रापासून सवलत रद्द, फीचं सुधारित बिल, आणि सुटलेली रक्कम वर्षाच्या मध्ये अडचणीत येणाऱ्या घरांसाठी. तशा दोन फायली माझ्याकडे थांबलेल्याच होत्या.

पत्र टाइप करायला घेतलं तेव्हा ते खुर्चीतून पुढे वाकले. “त्यात ‘शिष्यवृत्ती बंद’ असं लिहाल का?”

आमच्याकडे शिष्यवृत्ती वेगळी. ती गुणांवर मिळते, नाव मंचावरून पुकारतात. मदतीचं नाव कुणी पुकारत नाही, वर्गशिक्षकांनाही कळवत नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे बायबलमधलं मत्तयाचं वचन आमच्या कार्यालयात खरोखर पाळलं जातं. मी म्हटलं, मुलाला शिष्यवृत्ती नव्हतीच.

“त्याला आहे असं सांगितलंय मी.” ते खिडकीकडे बघत होते. “हुशार आहेस म्हणून शाळेनं दिली, असं. काल सांगितलं, पुढच्या सत्रापासून मिळणार नाही. का, ते नाही सांगता आलं.”

खोटं लिहिणार नाही, पण ‘कौटुंबिक परिस्थिती बदलल्याने’ एवढं लिहिते, असं मी म्हटलं. ते मान हलवून गेले.

मधल्या सुट्टीत मुलगा काउंटरपाशी उभा. बारा-तेरा वर्षांचा, हातात गणिताची वही.

“मॅडम, माझे मार्क कमी पडले का?”

माझ्याकडे तुझे मार्क येतच नाहीत, एवढंच मला खरं बोलता येत होतं आणि तेवढंच मी बोलले. त्याने वही उघडून मला दाखवली. शेवटच्या चाचणीत पंचवीसपैकी तेवीस होते. ते दोन कुठे गेले, हेही त्याने मला समजावून सांगितलं. मी त्याला वर्गात पाठवलं आणि वडिलांना फोन लावला. मुलाने काय विचारलं ते शब्दन्‌शब्द सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

शाळा सुटल्यावर ते आले. दोघं माझ्या काचेबाहेरच्या बाकावर बसले. वडील बोलत होते, मुलगा वहीचा कोपरा दुमडत होता. काचेतून ऐकू येत नाही. कपाटाला कुलूप लावून मी मागच्या दाराने निघाले, पुढच्या दाराने गेले असते तर त्यांना उठावं लागलं असतं.