कोरियात दिवसभर करता काय? तुम्ही विचारलंत म्हणून

वसईला सुट्टीवर आलो की चर्चच्या आवारात एक प्रश्न हमखास येतो. "फादर, कोरियात आपल्यापेक्षा जास्त चर्च आहेत म्हणे. मग तिथे मिशनरी लागतात कशाला? आणि ब्रदर असताना, म्हणजे फादर होण्याआधी, सुरुवातीची वर्षं तुम्ही तिथे दिवसभर करत काय होता?" उभ्या उभ्या मी "भाषा शिकत होतो" एवढंच सांगतो. विचारणाऱ्याचं त्याने समाधान होत नाही आणि माझंही होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिवस पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा. प्रभातप्रार्थना, मग जवळच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, सहाची मिस्सा. कडाक्याच्या थंडीतही पन्नास-साठ माणसं आलेली असत, बहुतेक वयस्क बाया, डोक्यावर पांढरा जाळीदार रुमाल घेतलेल्या. न्याहारीलाही भात, सूप आणि किमची, म्हणजे आंबवलेल्या कोबीचं तिखट लोणचं. मग राजधानी सोलच्या मेट्रोची दोन नंबरची लाईन पकडून सिन्चोन स्टेशन, आणि तिथून चालत सोगांग विद्यापीठ. हे येशूसंघीयांचं, म्हणजे जेजुइटांचं, विद्यापीठ 1960 साली सुरू झालं आणि तिथला कोरियन भाषेचा वर्ग बोलण्यावर भर देणारा म्हणून नावाजलेला आहे. एक सत्र दहा आठवड्यांचं, रोज चार तास, म्हणजे सत्राचे दोनशे तास. वर्गात जपानी, चिनी, व्हिएतनामी मुलं, कोरियन संगीताच्या ओढीने आलेल्या युरोपातल्या मुली, एखादी सिस्टर आणि मी. दुपारी एकला वर्ग सुटला की खरा अभ्यास सुरू व्हायचा. उद्याचे शब्द, आजचे निबंध, ऐकण्याचे सराव यांतच संध्याकाळ होत असे.

मराठी माणसाला ही भाषा वाटते तेवढी परकी नाही, हे मी आवर्जून सांगतो. राजा सेजोंगने 1443 मध्ये सिद्ध केलेली आणि 1446 मध्ये लोकांना दिलेली लिपी आज 24 मूळ अक्षरांची आहे. वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि शब्दाला मागून प्रत्यय लागतात. वर्गातल्या युरोपीय मुलांना याच गोष्टींची सवय करायला महिने लागले, माझ्या जिभेला ती घडण घरचीच होती. क आणि ख वेगळे आहेत हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. घसा आवळून काढायचा तिसरा ‘क’ मात्र कष्टाने कमवावा लागला. आकड्यांचे दोन संच आहेत, एक कोरियन आणि एक चिनी मुळाचा, आणि घड्याळ सांगताना तास एका संचातून नि मिनिटं दुसऱ्यातून घ्यायची असतात.

खरी मेहनत आदराच्या रूपांची. मराठीत तू, तुम्ही, आपण आहेत. कोरियनमध्ये ज्याच्याशी बोलता त्याचा मान आणि ज्याच्याविषयी बोलता त्याचा मान, असे दोन हिशेब एकाच वाक्यात चालतात. आजोबा जेवले एवढंच सांगायचं, तर जेवण्याचं क्रियापद वेगळं, आजोबांना लागणारा प्रत्यय वेगळा, आणि ऐकणारा कोण आहे त्यावर वाक्याचा शेवट वेगळा. त्यात मिशनऱ्याला एकच बोली येऊन भागत नाही. वर्गात शिकवतात ती ‘यो’ने संपणारी, रोजची आणि सभ्य. लोकांसमोर उभं राहून बोलायचं तर ‘सुम्निदा’. लहान मुलांशी आणि जिवलगांशी या दोन्ही गळून पडतात. प्रार्थनेत देवाला विनवताना ‘सोसॉ’ हे जुनं रूप येतं, जे भाजीबाजारात कानावर पडणार नाही. त्यामुळे दुकानात बोलता येऊ लागलं तरी वेदीजवळ वाचन करता येईलच असं नाही. वेदीजवळ नीट वाचता आलं तरी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली सहा वर्षांची मुलं काय बोलताहेत ते कळतंच असंही नाही.

हे सगळं माझ्या अंगवळणी पडलं ते वर्गापेक्षा जास्त अंत्यविधीगृहांत. हे ऐकून लोक चमकतात. कोरियात आता सहसा मयत घरी ठेवत नाहीत. मोठ्या रुग्णालयांना जोडूनच, बरेचदा तळघरात, अंत्यविधीगृह असतं आणि साधारण तिसऱ्या दिवशी अंत्यविधी होतो. मधल्या वेळात कुटुंब काळ्या कपड्यांत तिथेच थांबतं. फोटोभोवती पांढरी शेवंती असते, आणि येणाऱ्या प्रत्येकाला बसवून युक्केजांग, म्हणजे गोमांसाचं तिखट, लाल सूप, आणि भात वाढला जातो. धर्मग्रामात कुणी वारलं की मोबाइलवर निरोप फिरतो आणि माणसं गटागटाने जातात. जमिनीवर समोरासमोर दोन बाजूंना बसतात आणि योन्दो म्हणतात. मृतांसाठीची ही प्रार्थना म्हणजे स्तोत्रं आणि संतांची लितानी, म्हणजे एकेका संताचं नाव घेऊन केलेली विनवणी, आलटूनपालटून गायलेली, चाल मात्र कोरियाची स्वतःची, जुनी. पुस्तकात एकेका अक्षरावर सूर किती लांबवायचा याच्या खुणा असतात.

माझ्यासारख्याला यापेक्षा चांगली शाळा कुठे मिळणार होती? गाणं संथ, प्रत्येक अक्षर वेगळं ऐकू येणारं, आणि शेजारची आजी माझ्या पुस्तकावर बोट फिरवत असे. त्या घराला देण्यासारखे शब्द माझ्याजवळ अजून नव्हते, पण दोन बाजूंपैकी एका बाजूचा आवाज होऊन बसता येत होतं. "सुसानिम, आज आमच्या बाजूला बसा, आमचा आवाज कमी पडतोय," असं बाया हक्काने सांगू लागल्या. सुसानिम म्हणजे ब्रदर, आणि तेही आदरार्थी, नातवाच्या वयाच्या मुलाला! खोल गर्तेतून देवाला हाक मारणारं 130 वं स्तोत्र मी कोरियनमध्ये पाठ केलं नाही, ते त्या तळघरांत आपोआप पाठ झालं. वसईत मयताच्या घरी रोझरीला सगळा गाव जमतो ते लहानपणापासून पाहिलं होतं, त्यामुळे तिथे कसं बसायचं हे मला शिकावं लागलं नाही.

नोव्हेंबरात किमजांग, म्हणजे हिवाळ्यासाठी किमची घालणं. धर्मग्रामात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी ती एकत्र घालतात. खारवलेल्या कोबीच्या प्रत्येक पानाआड तिखटाचं सारण भरायचं असतं. त्यात खारवलेली बारीक कोळंबी पडते. तो वास आला आणि मला आमच्याकडच्या वाळत घातलेल्या जवळ्याची आठवण झाली. डबे पोहोचवायला मी जात असे. दार उघडणाऱ्या आजोबांना बोलायला माणूस हवा असे, मला ऐकायला.

आता मूळ प्रश्न. कोरियाला ख्रिस्ताची ओळख करून द्यायला माझी गरज नाही, हे अगदी खरं आहे. तिथल्या कॅथलिक चर्चची सुरुवातच मिशनऱ्यांनी केलेली नाही. अठराव्या शतकात काही कन्फ्यूशियन विद्वानांनी चिनी भाषेतली धर्मपुस्तकं वाचली, आपसांत चर्चा केली आणि 1784 मध्ये त्यांच्यातला यी सुंग-हून बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन आला. चोंग याक-जोंग या प्रापंचिकाने साध्या माणसांना कळावं म्हणून कोरियन लिपीत धर्मशिक्षणाचं पुस्तक लिहिलं आणि 1801 मध्ये त्याला मारण्यात आलं. फ्रेंच धर्मगुरू आत शिरले 1836 पासून. सुतकातल्या माणसाशी कुणी बोलत नसे, म्हणून ते सुतकाचे कपडे आणि चेहरा झाकणारी मोठी टोपी घालून फिरत. पहिल्या तिघांना 1839 मध्ये ठार केलं. मागाहून आलेल्यांनी लपतछपत भाषेचं काम चालू ठेवलं आणि 1880 मध्ये त्यांचा कोरियन-फ्रेंच शब्दकोश योकोहामाला छापला गेला. 1866 च्या छळात हजारो ख्रिस्ती मारले गेले. हान नदीकाठच्या ज्या टेकडीवर त्यांची डोकी उडवली गेली, त्या जोल्दुसानला मी वर्ग सुटल्यावर अधूनमधून जात असे आणि तिथे बसून शब्द पाठ करत असे. त्या जागी आळस करवत नसे.

मग मी तिथे कशासाठी? 2015 च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक, सुमारे 56 टक्के कोरियन लोकांनी आपल्याला कोणताच धर्म नाही असं सांगितलं. त्यांच्याशी बोलायचं तर आधी त्यांचं ऐकता आलं पाहिजे. शिवाय 2004 पासून चालू असलेल्या सरकारी परवान्यावर नेपाळ, श्रीलंका, व्हिएतनाम, फिलिपीन्स अशा देशांतून कामगार येतात, कारखान्यांत आणि शेतांवर राबतात. त्यांच्यासाठी रविवारी मोफत दवाखाने चालतात. तिथे एक नेपाळी तरुण आला. हरितगृहात वाकून वाकून त्याची पाठ गेली होती. त्याला हिंदी येत होतं, मला हिंदी आणि कोरियन, डॉक्टरांना कोरियन. पाठीचं सांगून झालं, आणि मग त्याने विचारलं, मालक बदलता येईल का? या परवान्यात त्यावर बंधनं आहेत. कामगारांना सल्ला देणाऱ्या कार्यालयात मी त्याच्याबरोबर गेलो, अर्ज वाचून दाखवला, आणि त्याचं म्हणणं कोरियनमध्ये, ‘सुम्निदा’ लावून, समोरच्या अधिकाऱ्याला सांगितलं. त्या दिवशी मी मिशनरी झालो असं मी मानतो, प्रवचन करण्याच्या कितीतरी आधी.

"एवढी वर्षं भाषेवर घालवायची?" असंही विचारता. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज मिशनरी 1579 मध्ये गोव्याला उतरले. त्यांचं मराठी ख्रिस्तपुराण छापून आलं 1616 मध्ये. मधल्या 37 वर्षांत कुणीतरी घरच्या ओसरीवर त्यांना बसवून घेतलं असेल, पुन्हा पुन्हा सांगितलं असेल. ज्यांनी शिकवलं त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, पण आपण त्यांच्याच बाजूचे. म्हणून सोलच्या आज्या मला शिकवताना किती देतात हे मला कळतं.

2027 च्या ऑगस्टमध्ये सोलला जागतिक युवा दिन, म्हणजे जगभरच्या कॅथलिक तरुणांचा मेळावा, भरणार आहे आणि आपल्याकडची बरीच मुलं मला विचारताहेत. येणार असाल तर ती 24 अक्षरं घरूनच शिकून या. रोज संध्याकाळी अर्धा तास बसलात तर आठवड्या-दोन आठवड्यांत वाचता येतं. कुणाच्या घरी राहिलात तर तिथल्या आजी-आजोबांनी चमचा उचलेपर्यंत तुम्ही उचलू नका, आणि वाकून नमस्कार करायला लाजू नका. मिस्सेतली उत्तरं आणि योन्दोची दोन स्तोत्रं मी देवनागरीत लिहून ठेवली आहेत. हवी असतील त्यांनी कळवा, पाठवून देतो.