काम दिलं की चालणारं मशीन

बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं मदरबोर्डावरचं सॉफ्टवेअर, अपडेट केल्यापासून पीसी हँग होतोय, ही तक्रार आमच्याकडे नवी नाही आणि बहुतेक वेळा तिचं निदान सोपं असतं. अपडेट झालं की बहुतेक बोर्डांवरच्या सेटिंग मूळ जागी जातात, हे वापरणाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं. रॅमला जास्त वेगाने चालवणारं एक्सएमपी प्रोफाइल उडतं, पंख्यांचा वेग बदलतो, डिस्कचा मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही. टीपीएम, म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारा सुरक्षेचा भाग, बदललेला दिसला की डिस्कला कुलूप लावणारा बिटलॉकर अचानक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो, आणि ती जपून ठेवलेला माणूस क्वचित भेटतो. काही बोर्डांवर अपडेटनंतरच्या पहिल्या स्टार्टला रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाने रॅमशी जुळवून घेणं, चालतं आणि स्क्रीन मिनिटभर किंवा जास्तही काळी राहते. लोक घाबरून बटण दाबून धरतात आणि नसलेला बिघाड ओढवून घेतात. हे सगळं रोजचं. पण गेल्या महिन्यातलं एक मशीन परत देऊन झालं तरी माझ्या डोक्यातून जात नाही.

मालकीणबाई हिशेबाचं काम करतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणून ११ वर जायचं त्यांनी ठरवलं. ११ ला टीपीएम २.० लागतं, त्यासाठी त्यांच्या ऑफिसातल्या मुलाने बोर्डाचं नवं बायोस टाकलं. ते त्याने व्यवस्थित केलं होतं, बोर्डाच्याच मेनूतून, पेनड्राइव्ह लावून. पण विंडोज ११ टाकायच्या आधीच मशीन थिजायला लागलं. बाईंनी हे न विचारता सांगितलं आणि विंडोज ११ हा एक मोठा संशयित तिथेच बाद झाला.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "दादा, मी काम करत असताना कधीच होत नाही हो. फोन घ्यायला उठले आणि परत आले की ते तसंच. कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा थांबलेलं असतं."

माझ्या जोडीदाराने हे ऐकलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारून टाकू." आमच्या धंद्याचा हा रोग आहे. गिऱ्हाईक लक्षण सांगतंय, तेही इतकं नेमकं, आणि आपण ते पुरतं ऐकून न घेता डिस्क पुसायला निघतो. फॉरमॅटने दहातली काही मशीनं बरी होतात, त्यामुळे उरलेल्यांचं काय झालं हे कोणी विचारत नाही.

हँग झालं म्हणजे नक्की काय झालं, हे आधी ठरवावं लागतं. माउस हलतो पण खिडक्या उघडत नाहीत, तर बहुधा डिस्क अडली आहे. स्क्रीन गोठली पण आवाज चालू आहे, तर ग्राफिक्सकडे बघायचं. एक-दोन सेकंद सगळं अडखळून पुन्हा चालू होत असेल तर तो वेगळाच प्रकार. २०२२ च्या मार्चमध्ये एएमडीने जाहीरपणे मान्य केलं होतं की प्रोसेसरमधलं टीपीएम बोर्डावरच्या फ्लॅश मेमरीशी बोलताना काही मशीनं अशी अडखळतात. त्याचा उपाय पुढे बायोस अपडेटमधूनच आला. टीपीएम नुकतंच चालू झालं होतं म्हणून मी पहिला संशय तिथेच घेतला. पण या मशीनला अडखळणं माहीत नव्हतं. ते थेट थांबायचं. कॅप्स लॉक दाबला तर कीबोर्डावरचा दिवा पेटत नव्हता. दुसऱ्या मशीनवरून पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारली, तर उत्तर नाही. म्हणजे विंडोजच्या गाभ्यासकट सगळं गेलेलं. टीपीएम बंद करून पाहिलं, तरी तेच.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१. या नोंदीवरून लोक काय काय निष्कर्ष काढतात! ती एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. ते तर आपल्यालाही ठाऊक असतं, बटण आपणच दाबलेलं असतं. बगचेक कोड शून्य, म्हणजे निळी स्क्रीन काढायलाही वेळ मिळाला नाही. हार्डवेअरच्या चुका नोंदवणारी व्हीया लॉग रिकामी.

मग नेहमीची मारझोड. रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालली, एकही चूक नाही. प्रोसेसरला पूर्ण लोड दिला, ग्राफिक्सलाही, तापमान ठीक, मशीन ठाम. सकाळी टेस्ट बंद केली, चहा घेऊन आलो, तर स्क्रीनवरचं सेकंद दाखवणारं घड्याळ थांबलेलं. हे घड्याळ मी अशा प्रत्येक मशीनवर लावून ठेवतो. लॉग काही सांगत नसतो, तेव्हा मशीन कधी गेलं ते निदान कळतं.

पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवलं. त्यातही गेलं, रिकामं बसलेलं असतानाच. विंडोज, ड्रायव्हर, अँटिव्हायरस, सगळे सुटले.

बोर्डाने परवानगी दिली म्हणून जुनं बायोस परत टाकलं. सगळे बोर्ड देत नाहीत. माझी खात्री होती की आता मशीन सरळ होईल. झालं नाही. ज्या आवृत्तीवर ते इतकी वर्षं बिनतक्रार चाललं, तिच्यावरही ते आता थिजत होतं. जोडीदार म्हणाला, अपडेटने बोर्ड खलास केला. ऐकायला हे पटतं आणि गिऱ्हाइकालाही लगेच पटतं, कारण त्यात दोषी ठरलेला आहे. पण खलास झालेला बोर्ड रात्रभर पूर्ण लोड ओढत नाही.

मी त्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या: जुन्या आवृत्तीवरही थिजतं, आणि फक्त रिकामं असतानाच थिजतं. मग एक साधी परीक्षा केली. कोपऱ्यात एक छोटा व्हिडिओ फिरता ठेवला, प्रोसेसर पूर्ण झोपणार नाही इतकंच काम. मशीन रात्रभर चाललं. व्हिडिओ बंद केला, गेलं. पुन्हा लावला, चाललं. त्या क्षणी मला कळलं की बिघाड झोपेत आहे.

प्रोसेसरला काम नसलं की तो खोल खोल झोपेच्या पायऱ्या उतरतो, सी-स्टेट म्हणतात त्यांना. सी६ मध्ये कोअरचा पुरवठा जवळजवळ तोडलाच जातो आणि १२ व्होल्टच्या लाइनवर प्रोसेसर इतका थोडा करंट ओढतो की जुन्या घडणीच्या काही एसएमपीएसना, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यांना, तो भार भारच वाटत नाही. २०१३ साली इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले तेव्हा हाच प्रश्न उघडपणे चर्चेत आला होता. तोवर या लाइनवर किमान ०.५ अँपिअर भार गृहीत धरलेला असायचा. नव्या झोपेत तो ०.०५ पर्यंत उतरू लागला. ज्यांना तेवढ्या कमी भारावर व्होल्टेज धरता येत नाही ते एसएमपीएस डळमळतात किंवा बंद पडतात. कळस म्हणजे मल्टिमीटरवर यातलं काही दिसत नाही. मी मोजलं तेव्हा १२.१ व्होल्ट, नियमाच्या ११.४ ते १२.६ मध्ये अगदी छान. मीटर सरासरी दाखवतो; मिलिसेकंदाच्या आत घसरून सावरलेलं व्होल्टेज त्याला कळत नाही.

बायोसमध्ये प्रगत मेनूच्या पोटात, पॉवरशी संबंध नसलेल्या नावाखाली, एक सेटिंग आहे: पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल. ती ऑटोवर होती. 'टिपिकल करंट आयडल'वर नेली की प्रोसेसर झोपेतही थोडा जास्त करंट ओढत राहतो. नेली, नवं बायोस पुन्हा टाकून त्यावरही नेली, आणि मशीन कामाशिवाय शांतपणे चालत राहिलं. तेवढ्यावर मी थांबलो नाही. सेटिंग परत ऑटो केली आणि दुसरा, अलीकडचा एसएमपीएस जोडला. चाललं. ऑटो तशीच ठेवून जुना जोडला. गेलं. असं उलटसुलट करून पाहिल्याशिवाय मी 'सापडलं' म्हणत नाही. आमच्यापैकी पुष्कळ जण एकदा चाललं की पावती फाडतात.

उरला प्रश्न, मग इतकी वर्षं कसं चाललं? बाईंना फोन केला आणि विचारलं, मशीन नवं असताना कधी लटकायचं का? त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "हो, अगदी सुरुवातीला. ज्यांनी जोडून दिलं ते आले होते. काहीतरी निळ्या पडद्यात बदललं, दहा मिनिटांत गेले. परत कधी झालं नाही."

म्हणजे त्या माणसाने हा रोग ओळखला होता आणि बायोसमध्ये जाऊन औषधही दिलं होतं. तो हुशार होता यात शंका नाही. ही सेटिंग सहज सापडत नाही. पण कुठेही लिहून ठेवलं नाही, बाईंना सांगितलं नाही, कॅबिनेटच्या आत साधी चिठ्ठी चिकटवली नाही. अपडेटने त्याचं काम पुसलं आणि पुसल्याचा पत्ता कोणालाच लागला नाही. सेव्ह केलेली प्रोफाइलसुद्धा बऱ्याचदा अपडेटमध्ये जातात, नाहीतर नव्या आवृत्तीत लोड होत नाहीत. बोर्ड कंपन्या अपडेटच्या माहितीत 'सिस्टीम स्टॅबिलिटी सुधारली' एवढंच लिहितात. तुमच्या कोणत्या सेटिंग आता बदलतील, याची यादी मशीनला स्वतःला माहीत असते. ती पुसण्याआधी दाखवायला काय हरकत आहे? मला याचा मनापासून राग येतो.

म्हणून 'बायोसला हात लावू नये' या सल्ल्याकडे मात्र मी जाणार नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे इजा होत होती, आणि ऑगस्टमध्ये आलेला ०एक्स१२९ मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, लोकांपर्यंत पोचला तो बायोस अपडेटमधूनच. जे हात न लावता बसले, त्यांचे प्रोसेसर झिजत राहिले.

बाईंना मी दोन्ही वाटा सांगितल्या: सेटिंगवर चालवा, किंवा एसएमपीएस बदला. त्यांनी बदलून घेतला. मीही तेच सुचवलं होतं, कारण सेटिंग पुढच्या अपडेटला पुन्हा उडणार. बायोसमधल्या सेटिंगच्या सगळ्या पानांचे फोटो काढून त्यांच्याकडे दिली, एक प्रत कॅबिनेटच्या आत लावली. पैसे देताना त्यांनी विचारलं, "म्हणजे जुना खराब होता ना?"

मी "हो" म्हणालो नाही. "या बोर्डाशी त्याचं जमत नाही," असं म्हणालो, आणि त्यांचं समाधान झालेलं मला दिसलं नाही. त्यांचंही बरोबर आहे. एखादी वस्तू काढून नवी लावली, तर काढलेली खराब असली पाहिजे, असंच कोणालाही वाटणार. पण तो एसएमपीएस मी नंतर एका जुन्या बोर्डाला लावला, जो इतकं खोल झोपतच नाही. त्यावर तो रात्रंदिवस चालतोय. बोर्ड चांगला, प्रोसेसर चांगला, एसएमपीएस आपल्या काळाच्या हिशेबाने चांगला, बायोसही दोन्ही चांगली. जोडीदार म्हणतो, सेटिंगने चालत होतं तर बाईंना खर्चात घालायला नको होतं. मी म्हणतो, पुढच्या अपडेटनंतर त्या पुन्हा येतील आणि तेव्हा समोर बसलेल्या माणसाला हे माहीत नसेल. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.