मलिक अंबरच्या मागावर: खुलताबाद ते भडकल दरवाजा

लहानपणी मे महिन्यात दिवसभर उन्हात हुंदडून घरी आलो की मावशी म्हणायची, "बघा, पार हबशी होऊन आलाय." हबशी म्हणजे कोण हे तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. काळ्याकुट्ट पोराला म्हणायचा शब्द, एवढंच. हबश म्हणजे आजचा इथिओपिया आणि हबशी म्हणजे तिथला माणूस, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. मग वाटलं, दख्खनच्या राजकारणाची सूत्रं हलवणाऱ्या मलिक अंबर या हबशाची कबर आपल्या मराठवाड्यातच, खुलताबादेत आहे, तर बघून यावी. फेब्रुवारीत दोन दिवस काढले.

शनिवार निवडला ही पहिली चूक. खुलताबादेत भद्रा मारुती आहे, आडवा पहुडलेला. शनिवारी तिथे एवढी गर्दी असते की गाडी लावायला जागा मिळत नाही. गुरुवारी दर्ग्यांत गर्दी आणि मंगळवारी वेरूळची लेणी बंद. तुम्ही बुधवार धरा. संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते, अंतर पंचवीसेक किलोमीटर. पण गाडी खुलताबाद गावात जाते की नाही, हे कंडक्टरला विचारूनच चढा. मी विचारलं नाही आणि फाट्यावरून पाय तोडत गेलो.

गावात रिक्षात बसलो तर रिक्षावाल्यानं न विचारताच औरंगजेबाच्या कबरीकडे वळवली. बाहेरगावचा माणूस दुसरं काय बघायला येणार! तिथे पोलीस बंदोबस्त होता, ओळखपत्र दाखवावं लागलं, तेव्हा आधार कार्ड खिशात असू द्या. "मलिक अंबरचा मकबरा" म्हटल्यावर तो जरा थांबला, पानवाल्याला हाक मारून खात्री केली आणि जर जरी जर बक्ष दर्ग्याच्या अंगानं गावाबाहेर घेऊन गेला. हाच दर्गा खूण म्हणून सांगा, नुसतं अंबरचं नाव पुरत नाही.

बादशहाची कबर उघड्यावर, साधी मातीची. त्याच्या पणजोबाच्या, आजोबाच्या आणि बापाच्या फौजांना ज्यानं दमवलं, त्या अंबरच्या, एकेकाळच्या गुलामाच्या, कबरीवर मात काळ्या दगडाचा भारदस्त घुमट. शेजारी बायकोचा, बीबी करीमाचा, लहान मकबरा. मी गेलो तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं, दोन शेळ्या सोडल्या तर. सावली आहे, पाणी नाही. बाटली भरून न्या.

जोत्यावर बसून मोबाइलवर एक चित्र उघडलं. मुघल चित्रकार अबुल हसन यानं साधारण 1616 मध्ये काढलेलं, मूळ चित्र आता डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बाण मारतोय आणि समोर भाल्याच्या टोकावर अंबरचं कापलेलं मुंडकं. मुंडक्यावर घुबड. आजूबाजूच्या फारसी ओळींत त्याच्या रात्रीसारख्या रंगाचा उद्धार. गंमत अशी की हे मुंडकं जहांगीरला कधीच मिळालं नाही. अंबर 1626 मध्ये म्हातारा होऊन मेला, ऐंशीच्या घरात. रणांगणात जमलं नाही ते बादशहानं कागदावर करून घेतलं. स्वतःच्या आठवणींतही तो अंबरचा उल्लेख काळतोंड्या, काळ्या नशिबाचा अशा शेलक्या शब्दांत करतो. शत्रूला शिव्या कोण देत नाही? पण इथे शिवी थेट कातडीवर आहे. मोबाइलची रेंज तिथे धड नाही, चित्र आधीच उतरवून ठेवा. कबरीसमोर बसून ते बघण्यात वेगळीच मजा आहे.

हा माणूस इथिओपियात जन्मला, लहानपणीच विकला गेला, येमेनचं मोखा, बगदाद असे बाजार आणि मालक बदलत दख्खनेत पोचला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानं त्याला विकत घेतलं, आणि तो चंगीझखानही एकेकाळचा हबशी गुलामच. अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यांवरची गुलामी डोळ्यांसमोर ठेवलीत तर इथलं गणित कळणार नाही. इथे परक्या मुलखातून आणलेला, ना जात ना भाऊबंद असा पोरगा मालकाशी इमानी राहील या हिशोबानं सैन्यात भरती व्हायचा, आणि मालक गेला की बहुतेक वेळा मोकळा व्हायचा. मोकळा झालेल्या अंबरनं स्वतःची फौज उभी केली. 1600 मध्ये अकबरानं नगरचा किल्ला घेतला, तरी यानं निजामशाही घराण्यातल्या मुर्तजाला (दुसरा) गादीवर बसवून निजामशाही आणखी पाव शतक चालवली. त्याच्या घोडदळात मराठे होते. मुघलांची रसद मारायची, समोरासमोर भिडायचं नाही, हा डाव. 1624 मध्ये नगरजवळच्या भातवडीला त्यानं तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडलं. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं होते.

पण सगळा हिणवणारा मुघलच होता असं समजू नका. डच व्यापारी पीटर फान डेन ब्रूक यानं लिहून ठेवलंय की अंबरनं मुलगी सुलतान मुर्तजाला दिली होती, आणि सुलतानाच्या थोरल्या, गोऱ्या इराणी बेगमेनं तिला काफिरीण, रखेल म्हणून शिव्या घातल्या. मुलीनं बापाला सांगितलं. बापानं सुलतान आणि बेगम दोघांनाही विष घालून मारलं, असं हा डच म्हणतो. म्हणजे ज्याच्या तलवारीवर गादी टिकलेली, त्याच्या लेकीला त्याच वाड्यात रंगावरून ऐकून घ्यावं लागत होतं. त्यावरचं अंबरचं उत्तर मला काही झेपलं नाही, पण संताची कबर बघायला मी गेलोच नव्हतो.

दुसरा दिवस संभाजीनगर शहरात. हे शहर त्यानंच 1610 मध्ये खडकी नावाच्या खेड्याच्या जागी वसवलं. भडकल दरवाजा 1612 चा, मुघलांवरच्या विजयाची खूण. सकाळी आठच्या आत जा, नंतर रिक्षांच्या गर्दीत मान वर करून कमान बघणं जिवावरचं काम. दरवाजाजवळच बाबासाहेबांचा पुतळा आहे, 14 एप्रिलला इथे पाय ठेवायला जागा नसते. माहितीच्या फलकांकडून फार अपेक्षा ठेवू नका, आधी घरी वाचून जा.

आणि पाणचक्कीबद्दल. हॉटेलातल्या पोऱ्यापासून गाइडपर्यंत सगळे तिला "मलिक अंबरची" म्हणतात. नाही. पाणचक्की आणि तिची नहर, म्हणजे पाण्याचा कालवा, नंतरची. अंबरची ती नहर-ए-अंबरी, उत्तरेकडच्या डोंगरांतलं पाणी जमिनीखालून, नुसत्या उतारावर शहरात आणणारी. तिचे अवशेष विखुरलेले आहेत, एखाद्या जाणकाराला बरोबर घ्या. वारसा फेऱ्या काढणारे लोक शहरात आहेत, थंडीत चौकशी केली तर सोय होते. दुपारी जेवायला नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, तो मात्र अकराच्या सुमारास गाठा, उशिरा गेलं की संपतो.

एक गोष्ट गावी परतल्यावर कळली. आमच्या शेजारी निवृत्त तलाठी राहतात. त्यांना सहज म्हटलं, मलिक अंबरची कबर बघून आलो. ते म्हणाले, "मलिकंबरीवाला?" जमिनीची प्रतवारी लावून, पीक बघून सारा ठरवायची अंबरची पद्धत, तिला जुन्या दप्तरांत मलिकंबरी म्हणतात. तो हबशी होता हे काकांना माहीतच नव्हतं.

"हबशी?" ते म्हणाले. "म्हणजे काळा?"

"इथिओपियातला," मी म्हटलं.

नहरीच्या एका जुन्या मनोऱ्याचा फोटो त्यांना दाखवला. शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, आणि फोटोत मनोऱ्याच्या सावलीत चार बायका घागरी मांडून टँकरची वाट बघत बसल्या होत्या. काकांनी चष्मा वर केला आणि मनोरा किती उंच असेल ते विचारलं.