हीट पंप बिघडला तरी पाणी गरमच येतं

हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या हीट पंप गीझरची गोम अशी की तो आजारी पडला तरी नळाला गरम पाणी येतंच. बहुतेक घरगुती मशिनांत 1.5 ते 2 किलोवॅटचा बॅकअप हीटर असतो. काँप्रेसर कमी पडू लागला की तो गुपचूप चालू होतो. आंघोळी कुणाच्याच अडत नाहीत, अडतं ते वीजबिलापाशी.

200 लिटर पाणी 25 वरून 55 अंशांवर न्यायला साधारण 7 युनिट उष्णता लागते. धडधाकट हीट पंप त्यातली बरीचशी हवेतून ओढतो आणि वीज खातो 2 ते 2.5 युनिट. हीटरला मात्र पुरी 7 लागतात. म्हणजे रोज एवढं पाणी तापवलं तर महिन्याला सव्वाशे-दीडशे युनिटांचा फरक, तोही बिलातल्या वरच्या स्लॅबच्या दराने. म्हणून मशीनच्या लाइनवर साधा सबमीटर बसवा आणि आठवड्याला आकडा लिहा. थंडीत तो वाढणारच, पण वापर तोच असताना एकदम दुप्पट झाला तर काहीतरी बिनसलंय.

आधी हवेची बाजू बघावी. फिल्टर महिन्या-दोन महिन्यांनी धुवावा. मागच्या कॉइलच्या फिन्सवर (पातळ पत्र्यांवर) धूळ आणि कबुतरांची पिसं बसली की हवा कमी जाते आणि पाणी तापायला वेळ लागतो. एमसीबी बंद करून मऊ ब्रश फिन्सच्या रेषेतच, वरून खाली फिरवा, मग पाण्याचा हलका फवारा. गाड्या धुवायचा प्रेशर वॉशर नको, फिन्स वाकतात. कोकण-गोव्यात किनाऱ्याजवळ खारा वारा ॲल्युमिनियम खातो, तिथे महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने कॉइल धुवावी. पावसाळ्यात दमट हवेमुळे कॉइलखालच्या ट्रेमध्ये भरपूर पाणी जमतं. ड्रेनच्या नळीत शेवाळ अडकलं तर ते घरात उतरतं.

खरा शत्रू मात्र बोअरचं पाणी. त्यातले क्षार टाकीत आणि हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे गॅसची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागावर, थर धरतात. उष्णता पाण्यात उतरत नाही, मशीनमध्ये फिरणाऱ्या गॅसचा (रेफ्रिजरंटचा) दाब चढतो, काँप्रेसर जास्त अँपिअर ओढतो आणि शेवटी हाय प्रेशरचा ट्रिप येतो, म्हणजे मशीन आपोआप बंद पडतं. मेकॅनिक पीसीबीला (कंट्रोलच्या सर्किट बोर्डाला) दोष देतो, ते वेगळंच. दर तीन महिन्यांनी टाकीच्या तळाच्या ड्रेनमधून 10-15 लिटर पाणी, गढूळपणा जाईपर्यंत, सोडावं. पाणी गरम असतं, तेव्हा पाइप लावूनच. एक्स्चेंजर टाकीबाहेर असेल तर आधी त्याचा स्ट्रेनर (गाळणारी जाळी) उघडून बघा.

काचेचा लेप असलेल्या टाकीत मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड असतो. टाकीऐवजी तो गंजतो, त्याचं कामच ते. वर्ष-दीड वर्षात एकदा काढून बघा. आतली तार दिसू लागली किंवा रॉड निम्म्याहून बारीक झाला तर नवा टाका. सॉफ्टनर बसवलेल्या घरांना वाटतं की आपण सुटलो. मऊ केलेल्या पाण्यात क्षारांचा थर धरत नाही हे खरं, पण रॉड लवकर संपतो. तिथे सहा महिन्यांनीच बघावा.

सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी सहा महिन्यांनी एकदा उचलून सोडा, पाणी सुटून लगेच थांबायला हवं. तो ठिबकतो म्हणून काही प्लंबर बूच मारून टाकतात. हा जिवाशी खेळ आहे. ठिबकण्याचं कारण वाढलेला दाब किंवा सीटमध्ये अडकलेला खडा असतो. तो शोधा, नाहीतर व्हॉल्व्ह बदला.

तापमान 55 ठेवावं. विनाकारण 65 केलं तर काँप्रेसरची मेहनत वाढते. आठवड्यातून एकदा मात्र 60 वर जाऊ द्यावं, कारण कोमट टाकीत न्यूमोनिया करणारे लेजिओनेला जिवाणू वाढतात.

आणि गॅस. ‘दर वर्षी थोडा टॉप-अप मारतो’ हे ऐकून घेऊ नका. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, कमी झाला म्हणजे गळती आहे. आधी ती शोधून ब्रेझिंग (तापवून धातूने सांधणं), मग नायट्रोजनने दाबाची चाचणी, मग व्हॅक्यूम (आतली हवा पंपाने काढणं) आणि शेवटी नेमप्लेटवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजून गॅस भरणं. काटा न आणणाऱ्याला सिलिंडर जोडू देऊ नका.