दालपुरीच्या एका जोडीपासून: आमची वाटचाल

लंडनच्या दक्षिणेकडील क्रॉयडन भागात आमचे अठ्ठावीस खुर्च्यांचे उपाहारगृह आहे आणि तेथे फक्त मॉरिशस व त्याच्या शेजारच्या बेटांवरचे क्रिओल जेवण मिळते. ‘फक्त’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे, कारण तो पाटीवर लिहिण्याचा धीर एकवटेपर्यंत आमची दोन वर्षे आणि बरीचशी शिल्लक खर्ची पडली.

मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरची. माझे यजमान मॉरिशसमधील वाक्वा गावचे आणि त्यांचे पूर्वजही रत्नागिरी जिल्ह्यातूनच उसाच्या मळ्यांवर मजुरी करण्यासाठी गेलेले. लंडनमध्ये नोकरी करताना आमची ओळख झाली आणि 2005 साली लग्नानंतर मी पहिल्यांदा सासरी गेले. घरात आरती मराठीत आणि बोलणे क्रिओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या फ्रेंचमिश्रित बोलीत, अशी तिथली रीत होती. स्वयंपाकघरात मात्र मला क्षणभर आपण कोकणातच आहोत असे वाटले, कारण परसात अळू होते, शेवगा होता, मांडवावर पडवळ लोंबत होते आणि ओट्याजवळ चक्क पाटा-वरवंटा होता. त्याला तिकडे रोस कारी म्हणतात, म्हणजे कढीमसाल्याचा दगड, आणि वरवंट्याला म्हणतात बाबा, म्हणजे तान्हे मूल. दगडी आईच्या मांडीवर दगडी बाळ, ही कल्पना मला फार आवडली.

त्या ओळखीच्या वातावरणामुळेच माझी पहिली चूक झाली. सासूबाईंनी मला रुगाय करायला सांगितले. टोमॅटो, कांदा, लसूण, आले, मिरची असे सामान समोर मांडलेले पाहून मी सवयीने मोहरी-हिंगाची फोडणी दिली आणि शेवटी गुळाचा खडा घातला. सासूबाईंनी चव घेतली आणि शांतपणे म्हणाल्या, “हे चांगलं झालंय, पण हे रुगाय नव्हे.” मग त्यांनी दुसरे पातेले ठेवले, तेलात कांद्याबरोबर थाइम नावाच्या सुगंधी पाल्याच्या काड्या टाकल्या, टोमॅटो पुरता विरघळू दिला आणि त्यात भिजवून खारटपणा काढलेले खारवलेल्या माशाचे तुकडे सोडले. थाइमचा तो वास कोकणातल्या कोणत्याही चुलीवर येत नाही. आमच्या धंद्याचे सारे धोरण पुढे त्या एका वाक्यावर उभे राहिले, म्हणून ही घरगुती गोष्ट येथे सांगितली.

हे जेवण भारतीय जेवणाची बिघडलेली किंवा सुधारलेली आवृत्ती नाही, हे समजण्यासाठी बेटाचा इतिहास थोडा तरी माहीत असावा लागतो. मॉरिशसला मूळ रहिवासी असे कोणी नव्हते. डचांनी सतराव्या शतकात तेथे ऊस आणला आणि जावा बेटावरून हरणे आणली, जी आजही तिथल्या ताटात दिसतात. 1715 नंतर फ्रेंचांनी मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणि पाँडिचेरीहून कारागीर आणले. 1810 साली इंग्रजांनी बेट घेतले, 1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामगिरी संपली, आणि त्याच सुमारास कलकत्ता, मद्रास व मुंबई ह्या बंदरांतून करारबद्ध मजुरांची जहाजे सुटू लागली. पोर्ट लुईच्या ज्या घाटावर ती माणसे उतरली, तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे. मजुरांना करारानुसार तांदूळ, डाळ, तेल, मीठ असा शिधा मिळे. ह्या सर्वांच्या आणि नंतर आलेल्या चिनी दुकानदारांच्या चुली एकमेकींना लागून पेटल्या, आणि म्हणून तिथल्या मराठी घरातही नूडल्स परतल्या जातात आणि चिनी घरातही डाळ शिजते. आमच्याकडे जेवण वाढणाऱ्या प्रत्येकाला हा इतिहास दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे असा आमचा नियम आहे, कारण गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारते की, हे भारतीय आहे, फ्रेंच आहे की चिनी.

धंद्याची सुरुवात ठरवून झाली नाही. 12 मार्च हा मॉरिशसचा स्वातंत्र्यदिन. 2009 साली त्या दिवशीच्या एका मेळाव्यासाठी कोणीतरी आम्हांला चारशे दालपुऱ्यांची मागणी दिली आणि सासूबाई तेव्हा सुदैवाने आमच्याकडे राहायला आल्या होत्या. दालपुरीविषयी मी थोडे सविस्तर लिहिते, कारण आमची निम्मी विक्री आजही तिचीच आहे. पिवळी डाळ बोटाने चिरडली जाईल पण लगदा होणार नाही इतकीच शिजवायची, निथळून पूर्ण कोरडी होऊ द्यायची आणि भाजलेल्या जिऱ्याबरोबर रव्यासारखी दळायची. आपण पुरणाची डाळ निथळून जे पाणी कटाच्या आमटीला वापरतो, तेच पाणी तिकडे मैदा मळायला घेतात. कणीक सैल आणि तुकतुकीत हवी, सारण अगदी कोरडे हवे आणि पुरी लाटताना कडेपर्यंत डाळ पोचली पाहिजे. पुरणपोळी जिच्या हाताला येते तिला हे काम परके नाही, तरी गूळ नसल्यामुळे सारण धरून राहात नाही आणि पहिल्या शंभर पुऱ्या माझ्या हातून फाटल्याच. तव्यावर तेलाचा हात फिरवून ती मऊच काढायची असते, कुरकुरीत नव्हे. बेटावर ती नेहमी जोडीने विकतात, ‘एन पेर’ म्हणून मागतात, आणि आत ग्रो प्वा नावाच्या मोठ्या पांढऱ्या दाण्यांच्या, पावट्यासारख्या कडधान्याची कढी, रुगाय, कोथिंबिरीची चटणी आणि ठेचलेली मिरची घालून कागदात गुंडाळून देतात.

त्या मेळाव्यात निवृत्त परिचारिकांचा एक मोठा गट होता. 1960 आणि 1970 च्या दशकांत मॉरिशसमधून अनेक तरुण मुली ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत परिचारिका म्हणून आल्या आणि येथेच राहिल्या. त्यांतल्या एक वयस्क बाई, ज्यांना आम्ही सारे तांतिन म्हणजे मावशी म्हणतो, दुसरी जोडी संपवून आमच्यापाशी आल्या आणि पुढच्या शनिवारी कुठे मिळेल असे त्यांनी विचारले. पुढच्या शनिवारी आम्ही बाजारात एक टेबल भाड्याने घेतले. तीन वर्षे त्या टेबलावर काढून 2012 च्या सप्टेंबरमध्ये आम्ही स्वतःची जागा घेतली.

आणि तेथे आम्ही घाबरलो. भाडे मोठे, कर्ज नवे, त्यातच एका सल्लागाराने सांगितले की मॉरिशसचे जेवण कोणी ओळखत नाही, तेव्हा लोकांना माहीत असलेले बटर चिकन, समोसे आणि नान ठेवा व बेटाचे चार पदार्थ शेवटच्या पानावर घाला. आम्ही ते ऐकले. परिणाम असा झाला की शेजारच्या भारतीय उपाहारगृहात अधिक स्वस्तात मिळणाऱ्या पदार्थांसाठी आमच्याकडे कोणी दुसऱ्यांदा आले नाही, आणि बेटावरची माणसे दारातून यादी वाचून परत जाऊ लागली. तांतिन मात्र येत राहिल्या. 2014 च्या उन्हाळ्यात एके दिवशी त्यांनी यादी हातात घेऊन मला स्पष्ट सांगितले की ह्या कागदावर त्यांचे घर त्यांना सापडत नाही. त्या रात्री आम्ही दोघांनी हिशेबाची वही आणि यादी शेजारी शेजारी ठेवली. ज्या पदार्थांवर आमचा विश्वास नव्हता तेच पदार्थ तोट्यात होते. दुसऱ्या आठवड्यात यादी एका पानाची झाली, पदार्थांची नावे क्रिओलमध्ये लिहिली गेली आणि प्रत्येकाखाली एका ओळीत तो काय आहे हे आले.

ही एक ओळ लिहिणे मला अजूनही सर्वांत कठीण वाटते. गातो पिमां म्हणजे भरड वाटलेल्या डाळीचे तिखट वडे. ते बेटावर सकाळी लोणी लावलेल्या पावात घालून खातात, आणि मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. आशार म्हणजे कोबी, गाजर, फरसबी ह्यांचे हळद-मोहरी-व्हिनेगरमधले लोणचे, आणि नावात आपला ‘अचार’ स्पष्ट ऐकू येतो. बोल रान्वेर्से म्हणजे उलटा वाडगा: तळाशी तळलेले अंडे, त्यावर चिनी पद्धतीने परतलेले चिकन व भाज्या, त्यावर भात दाबून भरायचा आणि ताटात पालथा घालायचा. आम्ही तो वाडगा टेबलापाशी नेऊन गिऱ्हाइकाच्या समोर उलटा करतो. मुले ह्या क्षणासाठी पुन्हा येतात. ब्रेद म्हणजे पालेभाजी. तिचा बुयों, म्हणजे पातळ सार, ही माझ्या दृष्टीने त्या बेटाची सर्वांत शहाणी पाककृती आहे, पण इंग्रज गिऱ्हाइकांत ती फारशी खपत नाही. तरीही ती यादीतून काढलेली नाही.

विंदायची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. 2015 साली आमच्याकडे मडगावच्या बाजूची एक स्वयंपाकीण कामाला आली. पोर्तुगीज पारपत्रावर ब्रिटनमध्ये आलेल्या अनेक गोवेकरांपैकी ती एक होती. पहिल्याच दिवशी तळलेल्या माशावर वाटलेली मोहरी, हळद, लसूण आणि व्हिनेगर घालताना तिने नाव विचारले आणि ऐकून ती हसली. पोर्तुगीजांच्या मद्य आणि लसूण ह्या दोन शब्दांपासून गोव्यात विंदालू झाले आणि बेटावर विंदाय. गोव्याचे विंदालू लाल आणि रसाचे, बेटाचे विंदाय पिवळे आणि कोरडे, दोन दिवस मुरवून थंडच पावाबरोबर खायचे. त्या ताईंनी आमच्या विंदायमध्ये काहीही बदलले नाही, मात्र ते किती दिवस मुरवावे ह्याबाबत त्यांचे म्हणणे आम्ही मान्य केले आणि चव खरोखर सुधारली.

मोहरीने आम्हांला एक शिस्तही लावली. ब्रिटनमध्ये ज्या चौदा पदार्थांच्या ॲलर्जीविषयी गिऱ्हाइकाला सांगणे बंधनकारक आहे त्यांत मोहरी आहे, आणि मासे, कवचधारी जीव, ऑक्टोपससारखे मृदुकाय प्राणी, गहू, सोया हेही आहेत. 2014 च्या डिसेंबरपासून हा नियम सुट्या विकल्या जाणाऱ्या अन्नालाही लागू झाला. आमच्या यादीत मोहरी कोठे नाही हे शोधणे सोपे होते. आम्ही आशार आणि विंदायची भांडी, पळ्या आणि कापण्याच्या फळ्या पिवळ्या खुणेने वेगळ्या केल्या, वड्यांची कढई कोळंबीच्या कढईपासून दूर नेली, आणि हे काम त्रासाचे असले तरी योग्य आहे असे माझे मत आजही आहे.

2020 च्या मार्चमध्ये उपाहारगृहे बंद झाली तेव्हा आमच्यापुढे प्रश्न होता की दालपुरी डब्यात घालून पाठवली की वाफेने ओली होते. आम्ही ती गरम पाठवणेच सोडून दिले. पूर्ण गार करून, दहाच्या गठ्ठ्यात, मध्ये कागद घालून आणि कढी, रुगाय, चटणी वेगळ्या डब्यांत देऊन घरी तव्यावर कशी शेकावी ह्याची चिठ्ठी जोडली. ह्या गठ्ठ्यांनी आमचे कर्मचारी टिकवले. त्यांतले बरेचसे क्रॉलीला जात. गॅटविक विमानतळाशेजारच्या ह्या गावात हिंद महासागरातल्या चागोस बेटांवरची माणसे मोठ्या संख्येने राहतात. 1968 ते 1973 ह्या काळात चागोसवरील लष्करी तळासाठी त्यांना त्यांच्या बेटांवरून काढण्यात आले होते. गठ्ठे घेणाऱ्या एका तरुणाने फोनवर विचारले की तुम्ही सेराझ का करत नाही. आम्हांला तो करता येत नव्हता. आज तोच तरुण आमच्याकडे शुक्रवारी येऊन नारळाच्या दुधातला ऑक्टोपसचा सेराझ रांधतो, आपल्या आजीने शिकवल्याप्रमाणे, आणि त्या दिवशी तांतिन ज्या टेबलावर बसतात त्याच्या शेजारी क्रॉलीहून आलेली कुटुंबे असतात.

महिन्यातून एका रविवारी आम्ही केळीच्या पानावर सात कढ्यांचे जेवण ठेवतो. बेटावर हे हिंदू लग्नात व पूजेला वाढतात: भोपळा, फणस, कच्ची केळी, वांगे, कडधान्य असे पदार्थ भाताभोवती. पाने लंडनच्याच टूटिंग भागातल्या तमिळ दुकानांतून येतात. गणेशचतुर्थीला, जी मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे, आमचे स्वयंपाकघर पूर्ण शाकाहारी असते. तेव्हा दालपुरी खिरीबरोबर वाढतो, आणि मोदक मात्र गुहागरच्या पद्धतीचे, माझ्या हातचे.

सासूबाई आता प्रवास करत नाहीत. 2018 साली त्यांनी आपला रोस कारी आणि त्याचा बाबा समुद्रमार्गे आमच्याकडे पाठवला. मिक्सरने चटणी गुळगुळीत होते आणि पाणी सोडते, म्हणून कोथिंबीर आणि मिरची आम्ही ह्याच दगडावर वाटतो. मडगावच्या ताई, क्रॉलीचा तो तरुण आणि मी आळीपाळीने हे काम करतो. हे वाटण सकाळी नऊला, दार उघडण्यापूर्वी होते, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसावे म्हणून आम्ही तो दगड खिडकीजवळ ठेवला आहे.