काट्याची व्हीएम रात्री रीड-ओन्ली व्हायची, ते निस्तरलं त्याचा अनुभव

धरणगावकडच्या एका जिनिंगमधल्या वजनकाट्याची सिस्टीम मी बघतो. कापसाच्या सीझनला तिथे रात्रीपण ट्रॅक्टर येत राहतात आणि काट्याची पावती निघाल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही, म्हणजे शेतकरी बिचारा थंडीत ट्रॉलीवरच बसून. एका रात्री २ वाजून गेल्यावर काट्यावरच्या पोराचा फोन, "भाऊ, पावती निंघी नही राहिनी." सर्व्हर म्हणजे एकाच मशीनवर (होस्ट) केव्हीएम या सॉफ्टवेअरने चालवलेल्या ३ व्हीएम, म्हणजे आभासी कॉम्प्युटर (गेस्ट), त्यातल्या काट्याच्या लिनक्सची फाइलसिस्टीम रीड-ओन्ली होऊन बसलेली, म्हणजे वाचता येतं पण नवीन काही लिहिता येत नाही. रीबूट मारला, चालू झालं. चार दिवसांनी परत तेच.

मला वाटलं डिस्क गेली. होस्टवर तपासली तर ठणठणीत. व्हीएमच्या लॉगमध्ये काहीच नाही, आणि असणार तरी कसं, ज्या डिस्कवर लॉग लिहायचा तीच अडकलेली! मग व्हीएमला सिरीयल कन्सोल (डिस्क न वापरता मेसेज बाहेर देणारी लाइन) जोडला आणि त्याचं आउटपुट होस्टवरच्या फाइलमध्ये घेतलं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा सगळं सापडलं: आधी अबॉर्ट (कमांड रद्द), मग डिव्हाइस रीसेट, मग बस रीसेट, मग राइट एरर, आणि ईएक्सटी४ या फाइलसिस्टीमने हात वर केले.

झालं असं होतं की रात्री २ ला दुसऱ्या व्हीएमचा बॅकअप त्याच हार्डडिस्कवर चालायचा. लिनक्स स्कझी पद्धतीने जोडलेल्या डिस्कला प्रत्येक कमांडसाठी ३० सेकंद देतो, तेवढ्यात उत्तर नाही आलं की आधी ती कमांड रद्द करायला जातो, नाही जमलं तर रीसेट. खऱ्या कंट्रोलरवर (डिस्क सांभाळणारं कार्ड) हे ठीक आहे. पण इथला कंट्रोलर म्हणजे केव्हीएमसोबत चालणाऱ्या क्यूएमूने सॉफ्टवेअरमध्ये उभा केलेला, आणि खाली होस्टच्या डिस्कवर एकदा गेलेलं लिखाण परत ओढून घेता येत नाही, ते संपायची वाट बघावीच लागते. म्हणजे रीसेटसुद्धा त्याच रांगेत अडकतो, मग गेस्टला वाटतं रीसेटपण फेल, की चढला वरच्या पायरीवर. डिस्क मेलेली नव्हती, नुसती हळू होती, हे मला कळायला तीन रात्री गेल्या आणि त्या तीन रात्री ट्रॅक्टरवाले ताटकळले याचं अजून वाईट वाटतं.

तात्पुरता इलाज म्हणून टाइमआउट ३० चा १८० केला आणि यूडेव्हचा (लिनक्समध्ये डिव्हाइसच्या सेटिंग लावणारी सेवा) रूल टाकला, नाहीतर रीबूटनंतर परत ३० होतो. बॅकअपला स्पीड लिमिट लावली.

पण कंट्रोलर एलएसआय कंपनीच्या जुन्या कार्डाचा नमुना होता, तो बदलून व्हर्टआयओ स्कझी (खास व्हीएमसाठी बनवलेला) करायचा ठरवला. त्याचा ड्रायव्हर टाइमआउट झाला की रीसेट न करता घड्याळ परत सुरू करतो, कारण होस्ट कधीतरी उत्तर देणारच असं तो धरून चालतो. डिस्क अडकली तर प्रोसेस लटकते, १२० सेकंदांनंतर कर्नल तशी तक्रारही लिहितो, पण फाइलसिस्टीम टिकते. काट्याला थोडं थांबणं परवडतं, पावती हरवणं नाही परवडत.

इथे एक गोष्ट जपा, कंट्रोलर थेट बदलू नका. मी आधी कॉपी काढलेल्या व्हीएमवर बदलला तर ती बूटच होईना, इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होताना सगळ्यात आधी लोड होणारी छोटी फाइलसिस्टीम) ड्रायव्हरच नव्हता. मग जुन्या कंट्रोलरवरच बूट करून, नव्या कंट्रोलरवर १ जीबीची रिकामी डिस्क लावली, ड्रायव्हर लोड झाला ते बघितलं, इनिटरॅमएफएस नव्याने बनवला, एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) डिस्कच्या नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारे ओळख-नंबर, आहेत ना ते तपासलं आणि मगच मेन डिस्क हलवली.

त्या कॉपीवरच टेस्टपण केली, होस्टवरून डिस्कचा स्पीड मुद्दाम अगदी खाली आणला आणि पावत्या छापत बसलो. अडकल्या, स्पीड सोडल्यावर सगळ्या ओळीने निघाल्या, एकही नंबर गहाळ नाही. एसजी रीसेट या कमांडने हाताने डिव्हाइस रीसेटपण मारून बघितला, लॉगमध्ये रीसेट झाल्याची एक ओळ आली आणि काम पुढे चालू.

खऱ्या काट्यावर रविवारी दुपारी बदल केला, गाड्या कमी असतात तेव्हा. त्या रात्री २ ला मी काट्यावरच थांबलो होतो, बॅकअप सुरू झाला आणि ट्रॉलीची पावती जरा उशिराने, पण निघाली.